मॅरेथॉनच्या आधी सराव किती कमी करायचा? शेतातलं काम धरून पूर्ण हिशोब

थंडी पडली की आपल्याकडं पहाटे पाच-साडेपाचला डांबरी रस्त्यावर पोरं-पोरी धावताना दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी सैन्याची. गेल्या काही वर्षांत २१ आणि ४२ किलोमीटरच्या मॅरेथॉन धावणारेही गावोगाव तयार झालेत. सराव वाढवायचा कसा, हे यातल्या बहुतेकांना माहीत असतं. पण शर्यत जवळ आली की तो कमी कधी करायचा आणि किती करायचा, हे विचारलं तर दहा जण दहा उत्तरं देतात. कुणी म्हणतं, शेवटच्या दिवसापर्यंत पळत राहा, नाहीतर पाय जाम होतील. कुणी म्हणतं, आठवडाभर नुसतं झोपून राहा. ही दोन्ही उत्तरं चूक आहेत.

शर्यतीआधी सराव मुद्दाम कमी करत आणण्याला धावणाऱ्यांच्या भाषेत टेपर म्हणतात. या लेखात आपण त्याला साधं 'सराव उतरवणं' म्हणू.

थोडक्यात उत्तर

- ४२ किमीसाठी: शेवटचे ३ आठवडे सराव उतरवायचा.
- २१ किमीसाठी: शेवटचे १० ते १४ दिवस.
- १० किमी किंवा भरतीच्या १६०० आणि ८०० मीटरसाठी: शेवटचे ७ ते १० दिवस.
- किलोमीटर साधारण निम्म्यावर आणायचे.
- धावायचे दिवस जवळपास तेवढेच ठेवायचे. वेगाचा सराव बंद करायचा नाही, फक्त थोडा करायचा.
- शेतातलं आणि घरातलं जड काम हाही सरावच धरायचा. तोही उतरवायचा.

शेवटचा मुद्दा शहरातल्या माहितीत सापडत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जणांची शर्यत मात्र नेमकी तिथंच बिघडते.

माझी स्वतःची चूक

काही वर्षांपूर्वी मी जिल्ह्याबाहेर २१ किमीच्या एका शर्यतीला गेलो होतो. तयारी चांगली होती, आठवड्याला ४० किमी होत होते. शर्यत रविवारी. मन खात होतं म्हणून गुरुवारी 'एकदा बघू तर' म्हणत १६ किमी धावलो. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. शुक्रवारी रात्री गव्हाला पाणी द्यायचं होतं, म्हणून पहाटे तीनपर्यंत दारं धरली. शनिवारी एसटीत सहा तास बसून गेलो. रविवारी चौदाव्या किलोमीटरला पाय असे भरून आले की पुढचं निम्मं अंतर चालत काढलं. २ तास ३१ मिनिटं लागली.

पुढच्या वर्षी सराव तेवढाच होता, एक किलोमीटरही जास्त नाही. फक्त शेवटचे बारा दिवस नीट उतरवले. पाण्याची पाळी भावाला दिली आणि त्याच्या बदल्यात नंतर त्याची कांदालागवड करून दिली. २ तास ९ मिनिटांत शर्यत संपली आणि शेवटपर्यंत धावता आलं.

कमी केल्यानं ताकद का वाढते?

रोज धावताना अंगात दोन गोष्टी चालू असतात. एक म्हणजे दम आणि ताकद वाढत असते. दुसरी म्हणजे थकवा साठत असतो. स्नायूंच्या आत बारीक झीज होते आणि स्नायूत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, कमी होत राहते. सराव जोरात चालू असतो तेव्हा वाढलेली ताकद या थकव्याखाली दबलेली असते. सराव उतरवला की थकवा लवकर जातो, ताकद मात्र हळू उतरते. या दोन्हीच्या मधले जे दिवस असतात, त्यात शर्यत आली पाहिजे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आज केलेल्या मोठ्या सरावाचा फायदा अंगाला मिळायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. म्हणजे शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी काढलेले वीस किलोमीटर त्या शर्यतीला कामाला येत नाहीत. त्यांचा फक्त थकवा सोबत येतो.

'दम उतरेल' ही भीती कितपत खरी?

अमेरिकेत १९८० च्या दशकात रॉबर्ट हिक्सन यांनी यावर प्रयोग केले. काही जणांकडून दहा आठवडे रोज ४० मिनिटं जोरात सराव करून घेतला. मग त्यातल्या काहींचा वेळ २६ मिनिटांवर आणि काहींचा थेट १३ मिनिटांवर आणला. जोर आणि दिवस मात्र तेवढेच ठेवले. पंधरा आठवड्यांनंतरही त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता, ज्याला आपण दम म्हणतो, ती टिकून होती. दुसऱ्या प्रयोगात वेळ तेवढाच ठेवून जोर कमी केला, तेव्हा दम उतरला. त्यावरून आपल्या कामाची गोष्ट अशी: अंतर कमी केलं तर दोन-तीन आठवड्यांत दम जात नाही. वेग पूर्ण सोडला तर जातो.

२००७ साली बॉस्के आणि सहकाऱ्यांनी असे २७ अभ्यास एकत्र तपासले. त्यात सगळ्यात चांगला परिणाम दिसला तो दोन आठवड्यांच्या उतरवण्याचा. अंतर ४१ ते ६० टक्क्यांनी कमी, वेग आणि धावण्याचे दिवस आहे तसेच.

खास मॅरेथॉनवरचा अभ्यास २०२१ सालचा आहे. बॅरी स्मिथ आणि एंगस लॉलर यांनी हौशी धावपटूंच्या दीड लाखाहून जास्त नोंदी तपासल्या. ज्यांनी तीन आठवडे दर आठवड्याला शिस्तीत सराव कमी करत आणला, त्यांचा वेळ जेमतेम उतरवणाऱ्यांपेक्षा साधारण साडेपाच मिनिटांनी, म्हणजे २.६ टक्क्यांनी चांगला होता. ज्यांनी एक आठवडा कमी, एक आठवडा जास्त असं केलं त्यांना तेवढा फायदा दिसला नाही. ही साडेपाच मिनिटं जास्त पळून नाही, कमी पळून मिळालेली आहेत.

४२ किलोमीटरसाठी तीन आठवड्यांचा हिशोब

पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किमी. समजा तुमचा सगळ्यात मोठा आठवडा ६० किमीचा झालाय. मग असं करा:

- शर्यतीच्या बरोबर ३ आठवडे आधीचा रविवार: शेवटची मोठी धाव, २८ ते ३० किमी. यानंतर एवढं मोठं अंतर नाही.
- पहिला आठवडा: एकूण ४५ किमी. त्यातली रविवारची धाव २० किमी.
- दुसरा आठवडा: एकूण ३५ किमी. रविवारी १२ ते १४ किमी.
- शर्यतीचा आठवडा: शर्यत सोडून एकूण १५ ते १८ किमी.

शर्यतीच्या आठवड्याची रोजची पाळी अशी ठेवता येईल:

- सोमवार: सुट्टी
- मंगळवार: ६ किमी, त्यात मधे ३ किमी शर्यतीच्या वेगानं
- बुधवार: ५ किमी हळू
- गुरुवार: ४ किमी, शेवटी शंभर-शंभर मीटरच्या ४ मोकळ्या धावा
- शुक्रवार: सुट्टी
- शनिवार: २ किमी अगदी हळू, किंवा नुसतं चालणं
- रविवार: शर्यत

तुमचा मोठा आठवडा ४० किमीचा असेल तर याच प्रमाणात आकडे खाली आणा: ३०, २३ आणि ११-१२. आठवड्याला ३० किमीपेक्षा कमी सराव झाला असेल तर ४२ चा हट्ट या वर्षी सोडा, २१ धावा. सराव उतरवून थकवा जातो. न केलेला सराव त्यानं भरून निघत नाही.

२१ किलोमीटरसाठी

शेवटची मोठी धाव, म्हणजे १६ ते १८ किमी, शर्यतीच्या दोन आठवडे आधी करा. पुढच्या आठवड्यात एकूण अंतर साधारण ६० ते ७० टक्क्यांवर आणा आणि रविवारी १० किमीच्या वर जाऊ नका. शर्यतीच्या आठवड्यात ३५ ते ४० टक्केच ठेवा.

भरतीच्या १६०० आणि ८०० मीटरसाठी

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण मुलांना १६०० मीटरचे आणि मुलींना ८०० मीटरचे असतात. इथं दोन-चार सेकंदांनी गुण हलतात. आणि नेमकी इथंच पोरं आदल्या दिवशी मैदानात 'फायनल ट्रायल' मारतात. ट्रायल मस्त निघते आणि दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत.

- पूर्ण जोरातली शेवटची ट्रायल चाचणीच्या ७ ते ८ दिवस आधी.
- त्यानंतर ४०० मीटरच्या ३-४ धावा, चाचणीच्या वेगानं, मधे पूर्ण आराम देऊन. आठवड्यात हे फक्त एकदा-दोनदा.
- गोळाफेक आणि १०० मीटरचा सराव थोडा थोडा चालू ठेवा. जोर-बैठका आणि वजनं शेवटचे ४-५ दिवस बंद.
- आदल्या दिवशी १०-१५ मिनिटं हळू पळून अंग मोकळं करा, दोन-तीन छोट्या वेगाच्या धावा घ्या, बस.

शेतातलं काम सरावात कसं मोजायचं?

वर दिलेले तक्ते नोकरी करून पहाटे धावणाऱ्याला पुरतात. आपलं तसं नाही. जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी असते, कांदालागवड असते, गहू-हरभऱ्याला पाणी असतं. पायांना खुरपं आणि रस्ता यातला फरक कळत नाही. धावणं निम्म्यावर आणलं आणि उरलेला वेळ लागवडीला दिला, तर सराव उतरलाच नाही, फक्त बदलला.

माझा ढोबळ हिशोब सांगतो. हे शास्त्र नाही, अनुभव आहे.

- दिवसभर वाकून काम (लागवड, वेचणी, खुरपणी): त्या दिवशी धावायचं नाही, आणि तो दिवस मध्यम सरावाचा धरायचा.
- पोती उचलणं, उसाच्या मोळ्या वाहणं, खोदकाम: हा जड सराव. शर्यतीच्या आधीचे ७ दिवस टाळायचा.
- रात्रीचं पाणी: काम हलकं वाटतं, पण झोप जाते. शेवटचे ४ दिवस कुणाला तरी पाळी द्या. लाईटचं वेळापत्रक महिनाभर आधीच बघून ठेवा.
- जनावरांचं चारा-पाणी, धारा: चालतील. त्यानं काही बिघडत नाही.

घरातली मुलगी किंवा सून धावणार असेल, तर हे घरच्यांनी वाचावं. तिचं धावणं कमी झालेलं सगळ्यांना दिसतं, पण हंडे, धुणं, स्वयंपाक आणि वेचणी तशीच राहते. शेवटच्या आठवड्यात तिचं निम्मं काम दुसऱ्यानं उचललं तरच तिचा सराव उतरला असं म्हणता येईल.

ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या पोरांचा प्रश्न वेगळा आहे. फडावर दिवसभर कोयता चालवून, मोळ्या वाहून वर मैलोगणती धावायची गरज नसते. शर्यतीचा किंवा भरतीचा आठवडा आला की धावणं दोन छोट्या वेळांवर आणा. तारीख कळल्याबरोबर मुकादमाला सांगा आणि निदान शेवटचे दोन-तीन दिवस मोळी वाहण्याचं काम बदलून घ्या. ते जमणारच नसेल तर मॅरेथॉन हळू धावा, वेळेचा नाद सोडा. भरतीसाठी मात्र घरच्यांशी बोलून ते दोन-तीन दिवस मोकळे काढाच. उचल पुढच्या हंगामात फिटते, भरतीची तारीख परत येत नाही.

खाणं: संक्रांत, भोगी आणि हुरडा

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते आणि ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. म्हणजे संक्रांत नेमकी शर्यतीच्या आसपास येते. भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, तीळ, त्यात हुरड्याचे दिवस. सगळं पौष्टिक आहे, पण चोथा भरपूर. शर्यतीला चार-पाच दिवस असतील तर खुशाल खा. शेवटचे दोन दिवस मात्र पोटाला हलकं ठेवा.

- शेवटचे दीड-दोन दिवस ताटात भात, गव्हाची पोळी, बटाटा, पोहे, केळी, गूळ जास्त. यातून स्नायूत साखर भरते. ४२ किमीत तिसाव्या किलोमीटरनंतर जी टाकी रिकामी होते, ती हीच.
- ठेचा, तळलेलं, मटण, जास्त डाळ-उसळ, हुरडा, कच्ची काकडी-मुळा शेवटच्या दिवशी नको.
- आदल्या रात्री लवकर आणि नेहमीएवढंच जेवा. दडपून जेवण करायचं असेल तर ते आदल्या दुपारी.
- शर्यतीच्या सकाळी नवीन काही खाऊ नका. सरावाच्या दिवशी जे पचलं तेच.

वजन एक-दीड किलोनं वाढलेलं दिसेल. घाबरू नका. प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर स्नायू साधारण तीन ग्रॅम पाणी साठवतो, ते हे वजन. शर्यतीत दोन्ही कामाला येतं.

शेवटच्या आठवड्यात काय काय वाटेल

पाय जड वाटतील. कधी गुडघ्यात, कधी पोटरीत बारीक दुखल्यासारखं होईल. झोप लागणार नाही. 'आपण आळशी झालो' असं मनात येईल. हे बहुतेक सगळ्यांना होतं. नेमकं याच वेळी माणूस 'एकदा बघू तर' म्हणून १६ किमी धावतो. माझंही तेच झालं. त्या वेळी बूट घालून फक्त २० मिनिटं हळू पळा आणि घरी या.

आदल्या रात्री झोप आली नाही तरी फार बिघडत नाही. त्याच्या आधीच्या दोन-तीन रात्री पूर्ण झोप झालेली असावी. मुंबई-पुण्याला जायचं असेल तर शनिवारी रात्री निघून पहाटे थेट शर्यतीला उभं राहू नका. मोठ्या शर्यतींत धावण्याचा नंबर आदल्या दिवसांतच घ्यावा लागतो, त्यामुळं शुक्रवारी रात्री निघणं सोयीचं. शनिवारी शहर बघत फिरू नका, पाय शर्यतीला ठेवा. मुंबईत परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आहे, तिथं ते लागतात.

हे करू नका

- दुखण्याची गोळी खाऊन धावू नका. पाणी कमी पडलेल्या अंगात अशा गोळ्या किडनीला धोक्याच्या असतात.
- शर्यतीआधी ताकदीचं इंजेक्शन किंवा सलाईन घेऊ नका. भरलेल्या माणसाला सलाईनचा उपयोग नाही, आणि इंजेक्शनात काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं.
- नवीन बूट शर्यतीच्या दिवशी घालू नका. निदान ४०-५० किमी त्यात आधी झालेले असावेत.
- ताप असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, किंवा एकाच जागी हाडावर बोट ठेवल्यावर कळ येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. शर्यत सोडावी लागली तरी चालेल.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सगळ्यांना माहीत आहे. शेतकरी-मजुराच्या घरातला पोरगा बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथं धावायला लागला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बर्मिंगहॅमला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीत त्यानं २१ किमीची अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. ६१ मिनिटांच्या आत धावलेला तो पहिला भारतीय.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याची प्राथमिक फेरी ५ ऑगस्टला होती आणि अंतिम ७ ऑगस्टला. मधे एकच दिवस. अशा एका दिवसात जगातला कोणताही धावपटू ताकद वाढवायला जात नाही, असलेली ताकद ताजी ठेवतो. आपल्या पोरांनी साबळेचा घाम बघितला, तो सहा-सहा किलोमीटर शाळेला गेला हे ऐकलं. मोठ्या शर्यतीआधी थांबावंही लागतं, हे मात्र आपल्याकडं कुणी फारसं सांगत नाही.

भिंतीवर लावायचा कागद

शर्यतीची तारीख कळली की कॅलेंडरवर तीन खुणा करा. तीन आठवडे आधी 'शेवटची मोठी धाव'. एक आठवडा आधी 'जड काम बंद'. चार दिवस आधी 'रात्रीचं पाणी बंद'. खुणा घरच्यांना दाखवा आणि त्या दिवसांची कामं कोण करणार ते आजच ठरवून टाका. शर्यत झाल्यावर त्यांची पाळी तुम्ही करा. पण पहिले तीन-चार दिवस तेही नको, पायऱ्या उतरतानाच कळेल का ते.